सोलारिस ८ च्या जुन्या सर्व्हरवर एसएसएच कसं टाकायचं? ऑडिटवाले टेलनेट बंद करा म्हणतायत

तुम्ही प्रश्नात शेवटी सहज लिहून गेलाय की "आज टेलनेट बंद करून टाकतो, एसएसएच शनिवारी निवांत टाकेन". तेवढ्या एका ओळीसाठी हे उत्तर लिहितोय, नाहीतर सोलारिसवर लिहायचं मी केव्हाच सोडलंय. असं करू नका. हात जोडून सांगतो, करू नका. (नवख्यांसाठी: सोलारिस म्हणजे सन कंपनीचं युनिक्स. टेलनेट म्हणजे लांबून मशीनवर आत जायची जुनी पद्धत, त्यात पासवर्डही उघडाच जातो. एसएसएच तेच काम सगळं कुलूपबंद करून करतं.)

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. २००३ मधे मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहत) एका केमिकलच्या कारखान्यात सिस्टीम बघायचो. मशीन सन अल्ट्रा १०, वर सोलारिस ८, आणि त्यावर स्टोअर, डिस्पॅच, गेटपास सगळं. अकरा पीसी टेलनेटने त्यात घुसायचे. आमचे साहेब (मराठीच, मांजलपूरला राहायचे) म्हणजे युनिक्स कोळून प्यायलेला माणूस, मला व्हीआय एडिटर त्यांनीच शिकवला, त्याबद्दल आजही मान आहे. पण टेलनेट हा विषय निघाला की संपलं. "अरे आतलं नेटवर्क आहे, इथे कोण बघतंय?"

मी त्यांना सांगितलं की एसएसएच जन्माला आलं तेच याच्यामुळे. १९९५ मधे फिनलंडला हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरत होतं, म्हणून तातू य्लोनेन नावाच्या तिथल्याच संशोधकाने ते लिहिलं. साहेब म्हणाले, "हे मकरपुरा आहे, हेलसिंकी नाही."

मग मी सर्व्हरवर स्नूप (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारी सोलारिसची कमांड) लावून दाखवलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, टेलनेट एकेक अक्षर वेगळ्या पॅकेटमधे पाठवतं, त्यामुळे स्क्रीनवर पासवर्ड एका ओळीला एक अक्षर असा खाली खाली उतरत जातो, कोणी पाटीवर लिहून दाखवावं तसा. साहेब म्हणाले तू रूट (मशीनचा सर्वाधिकारी) आहेस, तुला दिसणारच. बरोबर होतं त्यांचं. म्हणून दुसऱ्या दिवशी वजनकाट्याच्या केबिनमधल्या पीसीवर इथरियल टाकलं (नेटवर्कवरची पॅकेटं बघायचं सॉफ्टवेअर, आता त्यालाच वायरशार्क म्हणतात), तो पीसी त्याच हबवर होता (हब प्रत्येक पॅकेट जोडलेल्या सगळ्यांनाच पाठवतो), आणि संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. त्यावर त्यांचा स्वतःचा बारा अक्षरी पासवर्ड. खाली एक ओळ जास्त लिहिली, की सोलारिस ८ यातली पहिली आठच अक्षरं बघतं, पुढची चार तुम्ही उगाच टाईप करताय. पासवर्ड चोरीला गेला यापेक्षा ती चार अक्षरं वाया गेली याचंच त्यांना जास्त लागलं असं मला अजून वाटतं. पण परवानगी दिली.

आता तुमचं काम. रावपुऱ्यातल्या सायबर कॅफेत बसून मी सनफ्रीवेअर या साईटवरून पॅकेजं उतरवली आणि सीडी मारून आणली, कारण कारखान्यात डायल-अप होतं. तुम्हाला ती साईट आता तशी मिळणार नाही, ओपनसीएसडब्ल्यू या तशाच साईटचे मिरर (प्रती) शोधा. क्रम महत्त्वाचा: झेडलिब, लिबजीसीसी, ओपनएसएसएल, मग पीआरएनजीडी (तो कशाला ते खाली सांगतो), आणि सगळ्यात शेवटी ओपनएसएसएच. झेडलिब विसरलात तर एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हरवर चालणारा भाग) सुरू होतानाच लायब्ररी सापडत नाही म्हणून मरतो. एसएसएचडी नावाचा युझर आणि ग्रुप बनवा, व्हारखाली एम्प्टी नावाची रिकामी डिरेक्टरी बनवा, मालक रूट. हे नसेल तर प्रिव्हिलेज सेपरेशनच्या (कमी हक्कांनी चालायची सोय) नावाने रडेल. होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) बनवताना २०४८ बिट स्पष्ट सांगा, त्या काळचं डीफॉल्ट १०२४ होतं आणि आजच्या क्लायंटला ते अगदीच काठावरचं वाटतं. सोर्सवरून कंपाईल करायचा उत्साह असेल तर यूसीबी डिरेक्टरीतला सीसी हा खरा कंपायलर नाही हे लक्षात ठेवा, तो फक्त "पॅकेज इन्स्टॉल नाही" एवढंच सांगायला बसवलाय. कमांडी मुद्दाम पूर्ण देत नाही, रूट म्हणून आंधळं कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी माझा बराच वेळ खाल्लाय.

पीआरएनजीडी कशाला, तर साध्या सोलारिस ८ मधे डेव्ह-रँडम (रँडम आकडे देणारी सिस्टीमची फाईल) नाहीच. एसएसएचला रँडम आकडे लागतात, ते हा बापडा गोळा करून एका सॉकेटवर देतो. तो नसेल तर "पीआरएनजी इज नॉट सीडेड" म्हणून एसएसएचडी जागच्या जागी बंद. माझ्या घोड्याने इथेच पेंड खाल्ली.

डिसेंबरात मी सगळं टाकलं, ओपनएसएसएचचं व्हर्जन ३.७.१, तेव्हा नवीन होतं, सप्टेंबरातच एक मोठं भोक बुजवून आलेलं. हाताने पीआरएनजीडी सुरू केला, हाताने एसएसएचडी सुरू केला, अकराही पीसींवर पुट्टी (पीसीवरून एसएसएचने आत जायचं सॉफ्टवेअर) टाकलं, सगळे आत येतायत बघितलं, आणि त्याच संध्याकाळी इनेटडीच्या (टेलनेटसारख्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) फाईलमधे टेलनेटच्या ओळीपुढे हॅश टाकून ती ओळ बंद केली आणि फाईल परत वाचायला इनेटडीला हप सिग्नल दिला. छाती फुगवून घरी गेलो. रीबूट करून बघितलं नाही.

१४ जानेवारी २००४. उत्तरायण. बडोद्यात त्या दिवशी काय असतं ते बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. सकाळपासून गच्चीवर, भाची फिरकी धरून उभी, खाली आईने उंधियु-जिलबी आणून ठेवलेली, आणि दुपारी तीनच्या सुमारास शेजारचा मुलगा ओरडत आला की तुमच्याकडे फोन आहे. वॉचमन. "साहेब, सर्वर चालतुं नथी, गेट पर टँकर ऊभा छे." कुठेतरी मांजा तारांवर पडून लाईट गेली होती, यूपीएसची बॅटरी म्हातारी, मशीन पडलं आणि लाईट आल्यावर आपोआप उठलंही. पण आत कोणीच जाऊ शकेना.

गळ्याला मफलर गुंडाळून स्कूटर काढली. मांजाच्या भीतीने लालबागपासून पुढे एक हात हँडलवर आणि एक हात तोंडापुढे धरून गेलो. मकरपुऱ्यात गेटवर तीन टँकर, ड्रायव्हर उतरून पतंग बघतायत.

सर्व्हर रूममधे अजून एक गंमत. मॉनिटर अकाउंट्सवाल्यांनी नेलेला आणि कीबोर्ड कपाटात. सनच्या मशीनला चालू होताना कीबोर्ड दिसला नाही की कन्सोल (मशीनशी थेट बोलायची जागा) सिरीयल पोर्टवर जातो, नंतर कीबोर्ड लावून काही होत नाही. सिरीयल केबल कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून मॉनिटर आणला, कीबोर्ड लावला, देवाचं नाव घेतलं आणि मशीन सरळ स्विचने बंद करून परत चालू केलं. एफएससीके (डिस्कची तपासणी) दुसऱ्यांदा. ते चालू असताना साहेब आले, नव्या कुर्त्यात, बोटांना मांजाने कापल्याच्या पट्ट्या.

कारण निघालं ते बघून स्वतःचीच लाज वाटली. आरसी-टू-डी डिरेक्टरीत (मशीन उठताना काय काय सुरू करायचं ते इथे असतं) एसएसएचडीच्या लिंकला मी एस-९८ दिलेलं आणि पीआरएनजीडीला एस-९९. मशीन ते आकड्यांच्या क्रमाने चालवतं. म्हणजे एसएसएचडी आधी उठला, रँडमचं सॉकेट अजून नव्हतं, मेला, आणि त्याच्यानंतर पीआरएनजीडी आरामात उठून बसला. डिसेंबरात दिसलं नाही कारण हाताने बरोबर क्रमाने सुरू केले होते. पीआरएनजीडीच्या लिंकचं नाव बदलून एस-९७ केलं. दोन मिनिटांचं काम.

साहेब मागे उभे होते. एवढंच म्हणाले, "बघ. टेलनेट कधी असं रुसलं नव्हतं." आणि माझ्यासमोर इनेटडीच्या ओळीतला हॅश काढला. २०११ मधे ते मशीन भंगारात गेलं तोपर्यंत टेलनेट चालू होतं, आणि दर उत्तरायणाला गच्चीवर चार लोक जमले की "याने एकदा कारखाना बंद पाडला होता" हे साहेब सांगायचेच.

तर आता इथे जाहीर सांगतो. क्रम चुकवला ती चूक माझी. रीबूट करून न बघता टेलनेट बंद केलं ती त्याहून मोठी चूक, तीही माझी. पण त्यावरून "एसएसएच भरवशाचं नाही" हा निष्कर्ष काढणं ही चूक साहेबांची. कुलूप लावताना किल्ली आत राहिली म्हणून कोणी दार उघडं टाकून झोपत नाही. २००७ मधे सोलारिस १० च्या टेलनेटमधे असं भोक सापडलं की युझरनेमच्या आधी वजा एफ लावलं की पासवर्ड न विचारताच आत, मी ते छापून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "हे १० चं आहे. आपलं ८ आहे." तेही बरोबरच होतं, काय बोलणार.

तुम्ही काय कराल? एसएसएच टाका, टेलनेट चालू ठेवा, मशीन एकदा खरोखर रीबूट करा, कन्सोलवर हात न लावता बाहेरून एसएसएचने आत या, मगच टेलनेट बंद. ऑडिटवाल्यांना आठ दिवस थांबायला सांगा, थांबतात. आणि टेलनेटबरोबर एफटीपी आणि आर-लॉगिन या तशाच जुन्या सेवाही बंद करा, पासवर्ड त्यातूनही उघडाच जातो, लोक हे हमखास विसरतात. स्पार्क (सनचा स्वतःचा प्रोसेसर) मशीन असेल तर ११२४३८ नंबरचा पॅच डेव्ह-रँडम देतो, मग पीआरएनजीडीची भानगडच नाही, फक्त नंतर रीकॉन्फिगर रीबूट (नवी डिव्हाईस शोधणारा) लागतो. मला तेव्हा हे माहीत असतं तर गच्चीवरून उतरावं लागलं नसतं. पॅच आता ओरॅकलच्या (सन त्यांनीच घेतली) सपोर्टमधून मिळवावा लागेल.

हो, आणि हे आधी सांगायला हवं होतं. एवढं करूनही तुमच्या नव्या लॅपटॉपवरून ते जोडलं जाणार नाही. ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, जुनं एसएसएच-आरएसए (सहीची जुनी पद्धत) क्लायंटमधे बंद आहे, जुने की-एक्स्चेंज आणि सीबीसी सायफर (किल्ली ठरवायच्या आणि मजकूर कुलूपबंद करायच्या पद्धती) तर त्याच्याही आधीपासून. फक्त त्या एका होस्टपुरतं ते कॉन्फिगमधे परत चालू करावं लागतं, सगळ्यांसाठी करू नका. शिवाय इतका जुना एसएसएचडी स्वतःच गळका असतो, त्यामुळे ते मशीन इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही. खरं तर पुढे एक छोटी लिनक्स पेटी ठेवा, लोकांनी तिच्यात नव्या एसएसएचने यावं आणि तिथून सनवर जावं. त्याच पेटीतून सिरीयल केबलने सनचा कन्सोलही घेऊन ठेवा, ९६०० स्पीड. अल्ट्रा ५ किंवा १० असेल तर ए पोर्ट २५ पिनांचा आहे, ९ चा नाही, केबल बघून आणा. आमची नंतर सापडली, अकाउंट्सच्या मॉनिटरखाली गुंडाळून ठेवलेली.