वाचकांचे प्रश्न : कुरिअर आणि धोकादायक माल

प्रश्न : सुभाषनगरात आमचा कोल्हापुरी चपलांचा व्यवसाय असून आम्ही देशभर कुरिअरने माल पाठवतो. तळ सुटल्यास ग्राहकाला घरीच चिकटवता यावा, म्हणून जोडासोबत सोल्यूशनची १०० मिलीची सीलबंद डबी घालण्याचा आमचा विचार होता. परंतु कुरिअरवाल्याने पार्सल नाकारले. एवढ्याशा डबीने काय बिघडते?

उत्तर : अडचण डबीच्या आकाराची किंवा झाकणाची नसून आतल्या द्रावकाची आहे. चपलांसाठी वापरल्या जाणाऱ्या सोल्यूशनमध्ये बऱ्याचदा टोल्युईन असते, आणि टोल्युईनची वाफ सुमारे ४ अंश सेल्सिअसलाही ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबरातील पहाटेसुद्धा. धोकादायक मालाच्या ९ आंतरराष्ट्रीय वर्गांपैकी तिसऱ्या, ज्वलनशील द्रवांच्या, वर्गात असे चिकटद्रव्य मोडते आणि संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला यूएन ११३३ हा क्रमांक आहे. विमानाने ते पाठवायचे तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सूचनांनुसार ठरलेले पॅकिंग, खोक्यावर योग्य खुणा आणि आतल्या मालाची स्पष्ट माहिती द्यावी लागते. चपलेच्या एका जोडासाठी हा खटाटोप परवडणारा नाही.

‘सरफेसने पाठवतो’, म्हणजे विमानाऐवजी जमिनीवरून, हा पर्याय आपणांस सुचवला जाईल. तो काही कंपन्यांत खरोखर उपलब्ध असतो. मात्र ‘सरफेस’ म्हटल्याने द्रव निर्धोक होत नाही. रस्त्याने जाणाऱ्या मालाबाबतही १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पाठवणाऱ्यावर वाहतूकदाराला मालाची खरी माहिती देण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणून उत्पादकाकडून सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे धोके सांगणारे माहितीपत्रक) मागून घ्यावी, ती कुरिअर कंपनीला दाखवावी आणि होकार लेखी घ्यावा. काउंटरवरच्या मुलाचे ‘चालतंय की’ हा होकार नव्हे. काही व्यापारी फॉर्मवर केवळ ‘चप्पल’ लिहून डबी आत सरकवतात, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. कारण हाताळणाऱ्या कामगाराला काहीच ठाऊक नसते, त्याच पोत्यात कोणाच्या तरी पॉवर बँकेचेही पार्सल असू शकते, आणि अपघात झाल्यास खोटी माहिती देणारा म्हणून सही मात्र आपली असते. त्यापेक्षा पाण्यावर आधारित, ज्वलनशील नसलेले चिकटद्रव्य तपासून पाहावे, किंवा ग्राहकाला त्याच्या गावच्या चांभाराकडे पाठवावे. तो तळ अधिक चांगला बसवील.

प्रश्न : राजारामपुरीतून दिल्लीतील मुलीला फराळासोबत २०,००० एमएएचची पॉवर बँक पाठवायची होती. प्रवासी ती विमानात सोबत नेतात, मग पार्सलमध्ये का नाही?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ही पॉवर बँक ७४ वॅट-तासांची (वॅट-तास हे बॅटरीतील ऊर्जेचे माप) होते, आणि १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक प्रवाशाने हातातील सामानात नेलेली चालते, चेक-इन बॅगेत नाही. बॅटरी तापून केबिनमध्ये धूर निघाला तर तो लगेच दिसतो व कर्मचारी उपाय करू शकतात. सामानाच्या कप्प्यात ते शक्य नसते. शिवाय सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवण्यास १ एप्रिल २०१६पासून मनाई आहे, आणि पॉवर बँक या नियमांत सुटी बॅटरीच धरली जाते. मोबाइलमध्ये बसवलेल्या बॅटरीसाठी नियम वेगळे आहेत. फराळ कुरिअरने पाठवावा आणि पॉवर बँक मुलीने दिल्लीतच विकत घ्यावी. फराळाच्या डब्यात अत्तराची बाटली घालण्याचा मोहही टाळावा. अत्तरात अल्कोहोल असल्यास तेही ज्वलनशील द्रवांच्या तिसऱ्याच वर्गात येते.

प्रश्न : हुपरीच्या आमच्या चांदीच्या कारखान्यातून नायट्रिक ॲसिडची अर्धा लिटरची बाटली मित्राच्या कारखान्याला कुरिअरने पाठवता येईल का?

उत्तर : नाही. नायट्रिक ॲसिड आठव्या, म्हणजे क्षरणकारक (त्वचा, धातू खाणाऱ्या) पदार्थांच्या, वर्गात येते. तीव्र असल्यास ते लाकूड-कागदालाही पेटवू शकते, आणि कुरिअरचे खोके तर पुठ्ठ्याचेच असते. सामान्य कुरिअर आणि टपाल, दोहोंसाठी ते वर्ज्य आहे. मित्राने आपल्या भागातील रसायन विक्रेत्याकडूनच ते घ्यावे.