हुजूर, पुराणमतवादी की पुरोगामी? डीफेनबेकरांच्या पक्षाला मराठीत काय म्हणावं

कॅनडाचे माजी पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्यावर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘कंझर्व्हेटिव्ह’ला पुराणमतवादी म्हणावं, परंपरावादी म्हणावं की सरळ उजवा? शिवाय त्यांच्या पक्षाचं त्या काळचं नाव ‘प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्ह’. त्याचं ‘पुरोगामी पुराणमतवादी’ केलं तर अर्थच लागत नाही, मग काय करावं?

पक्षाचं नाव भाषांतरित करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाच्या विचारांबद्दल लिहिताना मात्र मराठी शब्द हवाच, आणि डीफेनबेकरांच्या बाबतीत ‘पुराणमतवादी’ हा सगळ्यात चुकीचा शब्द ठरेल.

‘पुराणमतवादी’ हा शब्द आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणेच्या वादांतून रुळला. संमतिवय, विधवाविवाह, स्त्रीशिक्षण यांना विरोध करणारे ते पुराणमतवादी आणि त्यांच्यासमोर सुधारक, ही जोडी मराठी वाचकाच्या डोक्यात पक्की आहे. ‘सनातनी’ तर थेट धर्माशी बांधलेला. आता डीफेनबेकरांची कारकीर्द बघा. १९५७ साली पंतप्रधान होताच त्यांनी एलन फेअरक्लफ यांना मंत्री केलं. कॅनडाच्या केंद्रीय मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या स्त्री. १९५८ मध्ये जेम्स ग्लॅडस्टन या आदिवासी नेत्याला सिनेटवर नेमलं. १९६० मध्ये आदिवासींना आपले करारातले हक्क न सोडता केंद्रीय निवडणुकीत मत देता येऊ लागलं. त्याच वर्षी ‘बिल ऑफ राइट्स’ संमत झालं. तो साधा कायदा होता, राज्यघटनेचा भाग नव्हता, म्हणून त्याची ताकद मर्यादित राहिली. पण नागरिकांचे मूलभूत हक्क केंद्रीय कायद्यात एकत्र मांडण्याचा कॅनडातला तो पहिला प्रयत्न. १९६२ च्या नव्या नियमांनी स्थलांतरितांची निवड करतानाचा वर्णभेद बराचसा काढून टाकला. १९६१ च्या राष्ट्रकुल परिषदेत वर्णद्वेषाच्या प्रश्नावर ते दक्षिण आफ्रिकेच्या विरोधात आशियाई-आफ्रिकी देशांच्या बाजूने उभे राहिले. पेशाने फौजदारी वकील असलेल्या या माणसाला फाशीची शिक्षाही मान्य नव्हती. अशा माणसाच्या नावामागे ‘पुराणमतवादी’ लावलं तर वाचकाच्या डोळ्यांसमोर भलताच चेहरा उभा राहील.

मग ‘उजवा’? तोही इथे नीट बसत नाही. आज ‘उजवा’ म्हटलं की मुक्त बाजार, कमी सरकार आणि परराष्ट्र धोरणात अमेरिकेशी जवळीक हे डोक्यात येतं. डीफेनबेकरांचं सरकार १९६३ मध्ये पडलं ते अमेरिकी अण्वस्त्रं आपल्या भूमीवरच्या बोमार्क क्षेपणास्त्रांवर बसवायला ते तयार होईनात म्हणून. आणि हा त्यांचा एकट्याचा हट्ट नव्हता, त्यांच्या पक्षाची जुनी रीतच ती. कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडॉनल्ड यांनी १८७९ मध्ये आयातीवर जबर जकात बसवली आणि सरकारी मदतीच्या जोरावर देशभर रेल्वे नेली, ते आपला देश अमेरिकेने गिळू नये म्हणूनच. १९११ ची निवडणूक याच पक्षाने अमेरिकेशी व्यापार खुला करण्याच्या विरोधात लढवून जिंकली. १९८८ ची निवडणूक त्याच पक्षाच्या ब्रायन मलरोनींनी अमेरिकेशी मुक्त व्यापार करण्याच्या बाजूने लढवून जिंकली! तेव्हा ‘उजवा’ लिहायचं तर कोणत्या सालचा, हेही सांगावं लागेल.

मराठीत यासाठी एक जुना शब्द आहे, तो मला मनापासून आवडतो. आपली वृत्तपत्रं ब्रिटनच्या कंझर्व्हेटिव्हांना ‘हुजूर पक्ष’ म्हणत आली आहेत आणि लेबरला ‘मजूर पक्ष’. यमक तर छान जुळतंच, पण शब्दाची निवडही मार्मिक आहे. ‘हुजूर’ हा अरबी शब्द ‘हजर’, ‘हजेरी’ यांच्याच घरातला. मूळ अर्थ उपस्थिती. मराठेशाहीत तो खुद्द राजाच्या किंवा पेशव्यांच्या ठिकाणासाठी, त्यांच्या खासगीतल्या गोष्टींसाठी वापरला जाई: हुजूर दफ्तर, हुजुरात म्हणजे खाशा स्वारीची फौज, आणि पुण्यातली हुजूरपागा, जिथे आता मुलींची शाळा आहे. म्हणजे हुजूर पक्ष हा राजाच्या बाजूचा पक्ष. कंझर्व्हेटिव्हांच्या ‘टोरी’ या इंग्रजी टोपणनावात हा अर्थ नाही. तो मुळात आयर्लंडमधल्या लुटारूंसाठीचा शब्द, शिवी म्हणून चिकटलेला. टोरींचा स्वभाव ओळखून मराठीने आपलं वेगळंच नाव ठेवलं.

डीफेनबेकरांना हे नाव अगदी चपखल बसतं. राजमुकुटावर त्यांची निष्ठा अढळ होती. तेव्हाचे पंतप्रधान लेस्टर पियर्सन यांनी १९६४ मध्ये नवा राष्ट्रध्वज आणायचं ठरवलं तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या डीफेनबेकरांनी महिनोन्‌महिने संसदेत झुंज दिली. कोपऱ्यात युनियन जॅक असलेला जुना लाल ध्वज त्यांना हवा होता. मेपलच्या पानाचा ध्वज १९६५ मध्ये फडकला, तरी त्यांचं मन वळलं नाही. १९७९ मध्ये ते गेले तेव्हा शवपेटीवर दोन्ही ध्वज होते. गंमत अशी की घराणं वडिलांकडून जर्मन, आडनावावरून टोमणे खाल्लेले. ‘जर्मन-कॅनेडियन’ अशी जोडनावं नकोत, सगळे नुसते कॅनेडियन, हा त्यांचा आग्रह त्यातूनच आला. राणी सगळ्यांनाच सारखी जवळची, असं त्यांना वाटे. हक्कांचा कायदा आणि राजनिष्ठा या दोन्हींत त्यांना विसंगती दिसली नाही. फ्रेंच भाषकांना मात्र हा ‘एकच कॅनडा’ आपली ओळख पुसणारा वाटला. १९५८ च्या निवडणुकीत डीफेनबेकरांच्या पक्षाला एकूण २६५ पैकी २०८ जागा मिळाल्या, त्यांत फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातल्या ५० होत्या. पुढच्याच निवडणुकीत त्यातल्या बहुतेक गेल्या.

तरी ‘हुजूर’ वापरताना जपा. तरुण वाचकाला ‘जी हुजूर’ आणि ‘हुजरेगिरी’च आठवेल. म्हणून पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात खुलासा करावा, आणि विचारांचं वर्णन करायचं असेल तिथे ‘परंपरानिष्ठ’ किंवा ‘राजनिष्ठ’ असा नेमका शब्द घ्यावा. ‘परंपरावादी’ चालेल, पण तो फार सैल आहे.

आता ‘प्रोग्रेसिव्ह’. मराठीत पुरोगामी म्हटलं की फुले-शाहू-आंबेडकर. ‘प्रागतिक’ म्हणावं तर तो तेजबहादूर सप्रू आणि श्रीनिवास शास्त्री यांच्या मवाळ पक्षाचा शब्द. कॅनडातला ‘प्रोग्रेसिव्ह’ या दोन्हींपैकी नाही. तो प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी प्रांतांतल्या, शेतकऱ्यांच्या चळवळीतून उभा राहिलेला पक्ष. १९२१ च्या निवडणुकीत जागांच्या हिशेबात तो दुसरा आला होता. त्या परंपरेतले मॅनिटोबाचे मुख्यमंत्री जॉन ब्रॅकन यांना कंझर्व्हेटिव्हांनी १९४२ मध्ये नेता म्हणून बोलावलं, तेव्हा पक्षाच्या नावात ‘प्रोग्रेसिव्ह’ घाला, ही त्यांची अट होती. विशेषण नव्हे, दुसऱ्या पक्षाचं नावच ते. त्याचा अर्थ काढून मराठीत बसवायला गेलं की ‘पुरोगामी पुराणमतवादी’ असं काहीतरी होतं. सरळ ‘प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्ह पक्ष’ लिहा आणि ब्रॅकनची हकिगत एका ओळीत द्या.

एक खबरदारी: हे नाव १९४२ ते २००३ एवढ्याच काळापुरतं वापरा. २००३ च्या डिसेंबरात हा पक्ष कॅनेडियन अलायन्स या दुसऱ्या उजव्या पक्षात मिसळून नुसता ‘कंझर्व्हेटिव्ह पक्ष’ झाला, आणि माजी पंतप्रधान जो क्लार्क नव्या पक्षात गेलेच नाहीत. पुढे पंतप्रधान झालेले स्टीफन हार्पर यांचा पक्ष तो हा नवा, डीफेनबेकरांचा तो जुना.