'शटल' या शब्दाचे मूळ मागावर

बॅडमिंटनचे फूल, स्थानकापासून कार्यालयापर्यंत नेणारी बस आणि अमेरिकेचे अंतराळयान या तिन्हींना 'शटल' का म्हणतात, आणि 'ये-जा करणारे' हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे का, असा प्रश्न विचारला गेला आहे. मूळ अर्थ तो नाही. ये-जा करण्याचा अर्थ या शब्दाला विणकराच्या मागावर मिळाला.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वरूपाचा अर्थ नेम धरून फेकायचा बाण किंवा लहान भाला असा होता. 'शूट' आणि 'शॉट' हे शब्द त्याच कुळातले आहेत. दार बंद करण्याचा 'शट'सुद्धा त्यांचाच भाऊबंद आहे, कारण त्याचा जुना अर्थ अडसर झटक्याने सरकवणे असा होता. म्हणजे या सगळ्या कुळाचा गाभा वेगाने सुटणे हा आहे, परतणे नव्हे.

मागावरच्या साधनाला हे नाव साधारण 14व्या शतकापासून मिळालेले दिसते. मराठीत आपण त्याला धोटा म्हणतो. धोटा लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधोमध पोकळ असतो; त्या पोकळीत बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, सुताची कांडी बसवलेली असते. ताण्याचे, म्हणजे मागावर उभे ताणलेले, काही धागे वर उचलले गेले आणि उरलेले खाली राहिले, की मध्ये जी फट पडते तिच्यातून विणकर धोटा एका बाजूने फेकतो, दुसऱ्या बाजूला तो झेलतो, धागा ठोकून घट्ट बसवतो, आणि ताण्याच्या धाग्यांची वर-खाली अदलाबदल झाली की तोच धोटा उलट दिशेने फेकतो. दिसायला बाण आणि सुटायलाही बाण, पण प्रत्येक वेळी परत येणारा! लँकेशायरच्या जॉन के यांनी 1733 मध्ये दोरीच्या हिसक्याने पळणाऱ्या धोट्याचे पेटंट घेतले. त्याआधी रुंद पन्ह्याचे कापड विणायला मागाच्या दोन बाजूंना दोन माणसे लागत. शब्दाचा इतिहास मात्र तोवर पुढे गेला होता, कारण 'इकडून तिकडे हलवणे' या अर्थाचे क्रियापद 16व्या शतकातच रुळले होते.

तरीही वेगाचा जुना अर्थ पुसला गेला नव्हता. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ईयोब म्हणतो की माझे दिवस विणकराच्या धोट्याहूनही वेगाने सरतात. ही उपमा गेलेल्या दिवसांसाठी आहे, आणि ते काही परत येत नाहीत. मला या शब्दाचा हा सर्वांत सुंदर वापर वाटतो.

पुढचे अर्थ ये-जा करण्याचे आहेत. दोघांमध्ये मागेपुढे टोलवले जाते म्हणून 'शटल' आणि पिसांमुळे पक्ष्यासारखे दिसते म्हणून 'कॉक', असे बॅडमिंटनच्या फुलाचे नाव 16व्या शतकात तयार झाले. पुण्याच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळू लागले, त्याच्या कितीतरी आधी. ठरावीक अंतरात फेऱ्या मारणाऱ्या आगगाडीला हे नाव 19व्या शतकाच्या अखेरीस मिळाले. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी राजधान्यांमध्ये ज्या फेऱ्या मारल्या, त्यांमुळे 'शटल डिप्लोमसी', म्हणजे फेऱ्या मारत केलेली मध्यस्थी, ही संज्ञा प्रचारात आली. 1981 मध्ये पहिल्यांदा झेपावलेल्या अमेरिकेच्या कोलंबिया यानाला ते नाव शोभते, कारण ते अंतराळात जाऊन परत येण्यासाठी आणि पुन्हा वापरण्यासाठीच बांधलेले होते. केवळ अंतराळयान म्हणजे शटल नव्हे. शिलाई यंत्रातले शटलही याच घरातले आहे, आणि घरगुती यंत्रात ते बहुधा पूर्ण न फिरता अर्धा फेरा घेऊन मागे येते.

फ्रेंचांनी धोट्याला त्याच्या आकारावरून 'नावेत', म्हणजे छोटी होडी, म्हटले आणि विमानतळाच्या फेरीबसलाही तेच नाव दिले. दोन भाषांत नाव वेगवेगळ्या कारणांनी पडले, पण पुढचा प्रवास दोन्हीकडे धोट्यावरूनच झाला.

मराठीत लिहिताना मागासाठी 'धोटा', खेळासाठी 'फूल' आणि बससाठी 'फेरीची गाडी' असे शब्द वापरावेत, असे माझे मत आहे. यंत्रातल्या भागाला मात्र सगळे शिंपी शटलच म्हणतात, आणि तिथे तोच शब्द योग्य आहे.