नाईन इंच नेल्स हा खरंच बँड आहे की एकट्या ट्रेंट रेझनरचं नाव? दर टूरला माणसं का बदलतात?

नाईन इंच नेल्स म्हणजे अमेरिकेतलं इंडस्ट्रियल रॉकमधलं (यंत्रांसारख्या कर्कश आवाजांचं रॉक) मोठं नाव. कागदावर बघायचं तर २०१६ पर्यंत ऑफिशियल मेंबर एकच, रेझनर. त्या वर्षी ॲटिकस रॉस दुसरा. पण त्यावरून "मग बाकीचे नुसते वाजवणारे" असं जे लगेच म्हटलं जातं ते मला सहन होत नाही, कारण हे मी तोंडावर ऐकून घेतलंय.

नाशिकला कॉलेजात आमचा बँड होता, मी ड्रम्सवर. गाणी गिटारिस्टची, लॅपटॉपवर बीट टाकायचा तोही तोच, मान्य. पण ते बीट एकदम सपाट वाटायचे म्हणून मी ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन लोखंडी पाइप, पत्रे, रिकामी पिंपं वाजवून रेकॉर्ड केली, त्याने ते कापून लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) केले आणि ज्या गाण्याला पब्लिक उठून नाचायचं त्याची सुरुवातच त्या लूपने व्हायची. रेकॉर्डिंग नेटवर टाकलं तेव्हा नाव फक्त त्याचं! विचारलं तर म्हणे, "अगं, नाईन इंच नेल्सच्या पहिल्या अल्बमवर सरळ लिहिलंय, नाईन इंच नेल्स म्हणजे ट्रेंट रेझनर. वाजवणारे येतात नि जातात." बासिस्ट खाली मान घालून बसला. मी त्याच दिवशी बँड सोडला.

लिहिलंय हे खरंय. रेझनर क्लीव्हलँडच्या एका स्टुडिओत साफसफाईपासून पडेल ते काम करायचा, स्टुडिओ रिकामा असला की रात्री स्वतःचे डेमो करायचा, त्यातून १९८९ चा 'प्रिटी हेट मशीन' आला, जवळपास सगळा त्याने एकट्याने वाजवलेला. पण त्याच अल्बमवर 'सँक्टिफाइड'च्या शेवटी गिटारची जी घुमणारी लांब तान आहे तिचं क्रेडिट रिचर्ड पॅट्रिकला दिलंय. एवढ्याशा आवाजाचं! हे मला तेव्हा माहीत असतं तर तिथल्या तिथे ऐकवलं असतं.

आणि १९९४ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात चिखलाने माखून जे वाजवलं ते एकट्याचं काम नव्हतं, रॉबिन फिंक, डॅनी लोहनर, जेम्स वूली आणि ड्रम्सवर ख्रिस व्रेना होते. २०२० ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये रेझनर आणि रॉसबरोबर फिंक, व्रेना, लोहनर, अलेस्सांद्रो कोर्टिनी, इलान रुबिन हे सगळे घेतले गेले. कीबोर्डवाला चार्ली क्लाउझर आणि पॅट्रिकला वगळलं, ते माझ्या मते चूकच.

माणसं का बदलतात, तर कोणी स्वतःचं काही काढतं (पॅट्रिकने 'फिल्टर' हा स्वतःचा बँड काढला), कोणाला दुसरीकडे बोलावणं येतं. २०२५ मध्ये ड्रमर रुबिन फू फायटर्स या बँडकडे गेला आणि तिथून काढलेला ड्रमर जॉश फ्रीझ इकडे परत आला, तो २००५ नंतर काही वर्षं इथेच ड्रम्सवर होता.

हे मी स्टेजबद्दल बोलतेय हां. अल्बममध्ये शेवटचा शब्द रेझनरचाच, 'द डाउनवर्ड स्पायरल'वर एड्रियन बेल्यूसारखा गिटारिस्ट असूनही. मिनिस्ट्री किंवा केएमएफडीएम या दुसऱ्या इंडस्ट्रियल बँडचा हिशोब वेगळा, ते यात मिसळू नका.

तुम्ही स्वतः बँड काढणार असाल तर रेकॉर्डिंग अपलोड करायच्या आधी कोणी काय वाजवलं ते लिहून काढा, लूपसकट. तो लूप माझा होता, त्या गाण्याखाली माझं नाव आजही यायला हवं.