काकांचा बी-२७५, साडेचार लाखांची एफडी आणि अडीचशे तास

प्रश्न : मी ४९ वर्षांचा आहे, ऐरोलीत राहतो, खासगी नोकरी करतो. मुलगा अकरावीत आहे. मुरबाड तालुक्यात सरळगावजवळ आमची पावणेदोन एकर जमीन आहे. निम्मी भाताची, निम्म्यावर आंब्याची वाडी. दिवंगत काकांचा १९७० च्या दशकातला बी-२७५ ट्रॅक्टर सहा वर्षं गोठ्यात उभा आहे. चुलतभाऊ तो ८० हजारांना द्यायला तयार आहे. इंजिनाचं काम १ लाख ३५ हजार, टायर ४८ हजार, हायड्रोलिक २५ हजार, रंगकाम १५ हजार आणि जुना रोटाव्हेटर ४५ हजार, असे एकूण ३ लाख ४८ हजार होतात. साडेचार लाखांची एफडी मोडून हे करावं असं मनात आहे. शनिवार-रविवारी गावात चिखलणी आणि दिवाळीनंतर फार्महाऊसवाल्यांचं गवत-झाडोरा काढायची कामं घेतली तर तासाला १,२०० रुपये मिळतात. वर्षाला अडीचशे तास धरले तर दोन वर्षांत पैसे वसूल होतात. मेहुणा ओहायोत राहतो. तो साठच्या दशकातलं कब कॅडेट, म्हणजे अंगणातल्या कामाचा छोटा ट्रॅक्टर, दुरुस्त करून वापरतो, त्यावरून ही कल्पना सुचली. पत्नीचा विरोध आहे. काय करावं?

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आवणीच्या दिवसांत काकांच्या शेजारी मडगार्डवर बसून शेतावर जायचात, हे तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे. माझ्या मते पत्राचं खरं कारण त्या ओळीत आहे. त्यामुळे ‘जुनं लोखंड आहे, सोडून द्या’ असं मी म्हणणार नाही. काकांचा ट्रॅक्टर पुन्हा सुरू व्हावा असं वाटणं ही चांगली गोष्ट आहे. माझी हरकत आहे ती एफडीला आणि अडीचशे तासांना.

आधी तास. चिखलणीचा हंगाम तुम्हाला ठाऊक आहे. जूनअखेरपासून जुलै संपेपर्यंत चार शनिवार-रविवार धरा, म्हणजे आठ दिवस. पाऊस आणि ट्रॅक्टर एका शेतातून दुसऱ्या शेतात नेण्याचा वेळ वजा केला तर दिवसाला पाच तास कामाचे उरतात. झाले ४० तास. मे महिन्यातली उन्हाळी नांगरट चार आठवडे, दिवसाला चार तास, म्हणजे ३२. दिवाळीनंतर सहा आठवडे साफसफाईची कामं, तेही चार तासांनी, म्हणजे ४८. बेरीज १२० तास. अडीचशे तासांसाठी आठवड्याचे मधले दिवसही लागतील आणि त्या दिवसांत तुम्ही ऑफिसात असणार.

आता एका तासातून हातात काय राहतं ते पाहू. १,२०० मधून चार लिटर डिझेलचे साधारण ३६० गेले. ड्रायव्हरचे १५० धरा, कारण प्रत्येक शनिवार-रविवारी तुम्हीच स्टिअरिंगवर असाल असं घरातलं कोणीही मान्य करणार नाही. तेल, फिल्टर आणि रोटाव्हेटरच्या पात्यांचे १२० गेले की उरतात ५७०. गुणिले १२०, म्हणजे ६८,४००. त्यातून विमा, बॅटरी, ताडपत्री, कागदपत्रं यांचे वर्षाला १२ हजार आणि मोडतोडीसाठी बाजूला टाकायचे २५ हजार काढले की उरतात ३१,४००. पन्नास वर्षांच्या यंत्राला २५ हजार जास्त वाटत असतील तर एकदा पंप-नोझलचं काम निघू द्या, मग बोलू. या हिशेबाने ३ लाख ४८ हजार फिटायला अकरा वर्षं लागतात आणि तोवर इंजिन पुन्हा एकदा उघडावं लागलेलं असेल.

शिवाय शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दुसऱ्याच्या शेतात भाड्याने ट्रॅक्टर चालवून मिळालेले पैसे शेतीचं उत्पन्न ठरत नाहीत. तो व्यवसाय झाला. तुम्ही जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणजे त्यावरही कर आला.

तुमच्या स्वतःच्या जमिनीला किती तास लागतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. नांगरट, चिखलणी, वाडीतली आंतरमशागत हे सगळं धरून मी वर्षाला बारा तास मानतो. भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला तर १४,४०० रुपये. ट्रॅक्टरवर जाणाऱ्या ३ लाख ४८ हजारांवर ७ टक्क्यांनी वर्षाला २४,३६० व्याज मिळतं आणि ३० टक्के कर व उपकर जाऊनही पावणेसतरा हजार हातात राहतात. म्हणजे एफडी न मोडता नुसत्या व्याजात तुमच्या शेताची वर्षभराची मशागत होते आणि वर दोन हजार उरतात. हा आकडा पत्नीला दाखवा. त्यांचा विरोध ट्रॅक्टरला आहे की एफडी मोडण्याला, तेही विचारा. मला वाटतं, एफडी मोडण्याला आहे आणि त्यांचं बरोबर आहे. घरखर्च महिन्याला ६५ हजार आहे असं तुम्ही लिहिता. आज ती एफडी घराला जेमतेम सात महिने पुरेल. तुमच्या बेतानंतर एक लाख उरेल, म्हणजे दीड महिना. पुढच्या वर्षी मुलगा बारावीत जाईल आणि त्यानंतर प्रवेशाची फी येईल. हे पैसे अडीअडचणीसाठी आहेत, त्यांना हात लावू नका. मुदतीआधी मोडल्याचा दंड तर मी धरलेलाही नाही.

मेहुण्याचं उदाहरण मनाला भावलं म्हणता, ते समजतं. एक गंमतीची गोष्ट सांगतो : त्याचं कब कॅडेट आणि तुमच्या काकांचा बी-२७५ एकाच घराण्यातले. कब कॅडेट १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने आणलं, तेव्हा त्यात सात एचपीचं कोहलर इंजिन होतं. त्याच कंपनीने १९६३ मध्ये महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि आपल्या कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. पण नात्यातले असले तरी दोघांची कामं वेगळी. मेहुणा उन्हाळाभर आठवड्याला स्वतःचं लॉन कापतो, थंडीत त्याच यंत्राने बर्फ ढकलतो आणि दर वेळी बाहेरच्या माणसाची मजुरी वाचवतो. आपल्याकडे गवत वाढतं ते पावसाच्या चार महिन्यांत आणि तेव्हा जमीन इतकी मऊ असते की दीड टनाहून जड ट्रॅक्टर वाडीत घातला तर चाकोऱ्या पडतात आणि आंब्याची वरची मुळं दुखावतात. गवताला ब्रश कटर पुरतो. तो वीस हजारांच्या आत येतो आणि एक माणूस पाठीवर घेऊन फिरतो. वाडीसाठी तो जरूर घ्या.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी एकावर मी बराच वेळ थांबलो. मेकॅनिकने डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, बाहेर काढून धरली आहे आणि तिच्या टोकाचं तेल काळं नाही, दुधाच्या चहाच्या रंगाचं आहे. माझे एक अशील आयुष्यभर डिझेल इंजिनं बांधत आलेत, त्यांना तो फोटो दाखवला. ते म्हणाले, तेलात पाणी आहे. सहा पावसाळे उभ्या असलेल्या इंजिनात दमटपणानेही असं होतं, पण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग, गेलेलं असू शकतं किंवा ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, तडाही असू शकतो. हेड उघडल्याशिवाय सांगता येत नाही. मग तुमचं कोटेशन पुन्हा पाहिलं. पिस्टन, लायनर, क्रँक घासणं, पंप कॅलिब्रेशन, सगळं आहे आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात ‘ब्लॉकचे काम निघाल्यास वेगळे’. म्हणजे १ लाख ३५ हजार हा आकडा पक्का नाही. आणखी एक : २७५ नावाचे नवे ट्रॅक्टर सर्रास दिसतात म्हणून सगळे भाग मिळतील असं धरू नका. नंतरच्या डीआय मॉडेलचं इंजिन वेगळं आहे. मेकॅनिकला भागांची यादी करायला सांगा आणि कुठला भाग दुकानात मिळतो, कुठला भंगारातून शोधायचा, ते प्रत्येकापुढे लिहून घ्या.

त्याच कोटेशनमध्ये टायरवर १८ टक्के जीएसटी लावला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. नुसत्या टायरमध्ये पाच हजारांवर फरक पडतो. नवं कोटेशन मागा. नव्या ट्रॅक्टरवरचा करही त्याच दिवशी १२ वरून ५ वर आला. अनुदानाच्या योजनाही नव्याच यंत्राला आहेत. म्हणून भाड्याचा धंदाच करायचा असेल तर पन्नास वर्षांच्या यंत्राने करू नका, हे मी ठामपणे सांगतो. चिखलणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर ज्याची रोपं उपटून तयार आहेत तो शेतकरी थांबत नाही आणि पुढच्या वर्षी बोलावत नाही. शिवाय ठेवलेल्या माणसाला इजा झाली तर जबाबदारी मालकाची. त्या काळच्या ट्रॅक्टरला उलटल्यावर वाचवणारी चौकट नसते, मागचं अवजार फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टवरचं झाकण तर बहुतेक वेळा गळून गेलेलं असतं.

कागदांचं सगळ्यात महत्त्वाचं. आरसी अजून काकांच्या नावावर आहे. चुलतभाऊ आज तुम्हाला तो विकूच शकत नाही. आधी वारस म्हणून त्याने स्वतःच्या नावावर करून घ्यायचा (फॉर्म ३१), मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० भरून तुमच्या नावावर. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. ते किती वेळा राहिलंय, थकबाकी किती, हे आरटीओतून लेखी घ्या. १९८९ आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर नोंद संगणकावर चढली आहे का तेही विचारा. नव्या सुरक्षित नंबरप्लेटचे ट्रॅक्टरला ४५० रुपये अधिक जीएसटी, तो खर्च किरकोळ आहे. दिल्लीसारखी जुन्या डिझेल गाड्यांवरची बंदी आपल्याकडे नाही. ‘व्हिंटेज’ नोंदणीचं तुम्ही विचारलं आहे. ती ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहे आणि त्या गाड्याही रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाहीत. तिचा तुम्हाला उपयोग नाही.

मग करायचं काय? ट्रॅक्टर घ्या, पण शौक म्हणून आणि सावकाश. रोटाव्हेटर आणि रंगकाम यादीतून काढा. तुमच्या जमिनीपुरते काकांचे फण गोठ्यात पडलेले आहेतच, रंगाचं शेवटी पाहता येईल. ८० हजार ही किंमत मला जास्त वाटते. तेलात पाणी असलेल्या, कागद अपुरे असलेल्या ट्रॅक्टरला भंगाराचा भाव लावला, किलोला ३० रुपये धरले, तरी पन्नास हजारांच्या आसपास येतात. चुलतभावाशी तिथून बोला. भावाभावांत किंमत बोलायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण त्याला डिपस्टिकचा फोटो दाखवा आणि हेड उघडायची मजुरी तुम्ही द्या. उघडल्यावर ब्लॉक फुटका निघाला तर व्यवहार तिथेच थांबेल आणि तुमचे चार-पाच हजारच गेलेले असतील.

ब्लॉक चांगला निघाला तर ट्रॅक्टर, इंजिन, टायर, हायड्रोलिक मिळून खर्च अडीच लाखांच्या थोडा वर जातो. दिवाळीच्या बोनसचे निम्मे, म्हणजे ४५ हजार आणि महिना चार हजारांची आरडी, असे वर्षाला ९३ हजार जमतात. पावणेतीन वर्षांत पैसे उभे राहतात, एसआयपी थांबत नाही, एफडीला धक्का लागत नाही. क्रम असा ठेवा : कागद, मग इंजिन, मग ब्रेक आणि टायर. इंजिन सुरू झालं की ब्रेक न पाहता शेतात न्यायचा मोह होतो. तो टाळा, बांधावरून उतरताना हा ट्रॅक्टर ब्रेकशिवाय कुणालाच थांबवता येत नाही. तोवर भाड्याचा ट्रॅक्टर बोलवा आणि प्रत्येक कामाचे तास वहीत लिहा. बारा तासांचा माझा अंदाज चुकीचा निघाला, तर नव्या आकड्याने पुन्हा हिशेब करू.

मुलाला हेड उघडायच्या दिवशी बरोबर न्या. पत्नी आल्या तर उत्तमच, निर्णय त्यांनीही गोठ्यात उभं राहून घ्यावा.

या आठवड्यात एकच काम करा. काकूंना फोन करा आणि काकांचं आरसी पुस्तक कुठे आहे ते विचारा. ट्रंकेत असेल किंवा देव्हाऱ्याखालच्या फळीवर. सापडलं की पहिल्या दोन पानांचे फोटो मला पाठवा. पुढचं त्यावर ठरवू.