केनी डाल्ग्लिश व्यवस्थापक म्हणूनही यशस्वी ठरले होते का?

होय, आणि त्याची सुरुवात ते खेळत असतानाच झाली. सेल्टिक क्लबमध्ये नावारूपाला आलेल्या या स्कॉटिश फुटबॉल आघाडीपटूला इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने 1977 मध्ये केव्हिन कीगन यांच्या जागी घेतले होते. 1985 मध्ये हेझेल दुर्घटनेच्या (ब्रसेल्समधील स्टेडियममध्ये प्रेक्षकांचे बळी गेले ती घटना) सुमारास व्यवस्थापक जो फेगन पायउतार झाल्यावर खेळाडू आणि व्यवस्थापक अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्याकडे आली. पहिल्याच हंगामात चेल्सीविरुद्ध स्वतः गोल करून त्यांनी लीग विजेतेपद निश्चित केले आणि एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धाही जिंकली. 1988 व 1990 मध्येही लीग त्यांनीच जिंकली. मात्र 1989 च्या हिल्सबरो दुर्घटनेतील (मैदानावरील चेंगराचेंगरीतील) मृत लिव्हरपूल चाहत्यांच्या कुटुंबीयांना आधार देताना आलेला ताण वाढत गेला आणि फेब्रुवारी 1991 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

माझ्या मते त्यांची खरी कसोटी ब्लॅकबर्न क्लबमध्ये लागली. क्लबचे मालक जॅक वॉकर यांचा पैसा हाताशी होता, हे खरे. तरीही दुसऱ्या श्रेणीतील संघाला त्यांनी 1995 मध्ये प्रीमियर लीग जिंकून दिली, तीही शेवटच्या दिवशी लिव्हरपूलच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर हरूनही, कारण मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीच साधता आली. न्यूकॅसलमधील कारकीर्द त्यामानाने फिकी ठरली. 2011 मध्ये ते लिव्हरपूलला परतले, पण 2012 चा लीग कप जिंकूनही त्यांचे पद टिकले नाही.