कौतुकच केलं होतं, मग सर का दुखावले?

पत्र

ताई, नमस्कार. मी शहादा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आमच्या गणिताच्या सरांना यंदा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. सर धडगावकडचे, पावरा या आदिवासी समाजातले. शाळेत त्यांचा सत्कार ठेवला होता. आठवी ते दहावीची मुलं, पालक, संस्थेची मंडळी, सगळे हजर होते. मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "सर पावरा समाजातले आहेत असं कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. इतकं शुद्ध मराठी, इतकी टापटीप! मला तर ते आपल्यातलेच वाटतात." टाळ्या पडल्या. सरसुद्धा हसले. पण दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. इतकी वर्षं मधल्या सुट्टीत आम्ही एकत्र डबा खायचो, आता ते प्रयोगशाळेत जाऊन बसतात. "सत्कार माझा होता की माझ्या समाजाचा पंचनामा?" असं ते एका सहकाऱ्याजवळ बोलल्याचं कळलं. ताई, देवाशपथ सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. मी बी.एड.ला पुण्यात होतो तेव्हा होस्टेलचे रेक्टर मलाही म्हणाले होते, "खान्देशातला असूनही तुझं बोलणं अगदी स्वच्छ आहे रे!" आमच्या घरात अहिराणी बोलतात. मी कुठे मनावर घेतलं? एक मित्र तर म्हणाला, जपून राहा, अ‍ॅट्रॉसिटी लागेल. मला एवढंच सांगा, बोलणाऱ्याचा हेतू पाहायचा की ऐकणाऱ्याला काय वाटलं ते?

— एक शिक्षक

उत्तर

भाऊ,

तुमच्या मनात काही वाईट नव्हतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मनात खोट असलेला माणूस सहकाऱ्याने डबा खायची जागा बदलली म्हणून इतका कासावीस होत नाही. तरीही तुमचं बोलणं अपमानाचंच होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिली खरी आहे म्हणून दुसरी खोटी ठरवायची धडपड तुम्ही करताय आणि म्हणून तुमचा जीव अडकलाय.

तुमचं वाक्य एकदा कागदावर उतरवून काढा आणि दुसऱ्या कुणाचं आहे असं समजून वाचा. सर पावरा आहेत हे का खरं वाटणार नाही? पावरा माणूस म्हटला की तो अडखळत बोलणार, मळक्या कपड्यांत असणार, असं ऐकणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलं असेल तरच ना? तो समज बाजूला काढला तर तुमच्या वाक्यात कौतुकाचं काहीच उरत नाही. सर नववीच्या पोरांना बीजगणित कसं शिकवतात, दहावीच्या निकालासाठी किती राबतात, कुठल्या पोराला घरी बसवून अपूर्णांक समजावतात, यातलं काहीच तुमच्या त्या वाक्यांत नव्हतं. ज्या कामासाठी पुरस्कार मिळाला ते राहिलं बाजूला आणि ज्या घरात ते जन्मले त्या घरापासून ते किती लांब आलेत, याच्यावर टाळ्या पडल्या.

तुम्ही विचारता, हेतू की समोरच्याची भावना? माझं म्हणणं असं की आधी वाक्याकडे पाहा. ते काय धरून चाललंय, कुणाच्या देखत बोललं गेलंय आणि ज्या गावात ते बोललं गेलं तिथे त्याचा काय अर्थ लागतो, ते पाहा. हेतू तुमच्या मनात होता, पण बोललेलं वाक्य सगळ्या सभागृहाने ऐकलं.

त्या सभागृहात कोण बसलं होतं हे तुम्हीच लिहिलंय, पण बहुतेक घाईत लिहून गेलात. आठवी ते दहावीची मुलं. भाऊ, 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातले शंभरातले 69 लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तुमच्या शाळेच्या सतरंजीवर भिल्ल, पावरा पोरंपोरी नक्कीच बसली होती. त्यातल्या एखाद्या आठवीतल्या पोरीचा विचार करा. तिच्याच समाजातले, तिच्याच डोंगरातले सर स्टेजवर आहेत, गळ्यात हार आहे, आज तिला केवढा अभिमान वाटायला हवा. आणि तिचे मराठीचे गुरुजी माइकवर सांगतात की सर मोठे आहेत, कारण ते तुझ्या आईबापासारखे वाटत नाहीत. त्या पोरीचे वडील पालकांच्या रांगेत मागे उभे असतील तर त्यांनी काय ऐकलं? वर तुम्ही "आपल्यातलेच" म्हणालात. मग ती पोरं कुणातली?

आता समजा, सरांना काहीच वाटलं नसतं. ते मनमोकळं हसले असते आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे तुमच्याशेजारी डबा उघडून बसले असते. तरी त्या पोरीसाठी ते वाक्य तेवढंच वाईट ठरलं असतं. म्हणून फक्त ऐकणाऱ्याला काय वाटलं यावरही मी निवाडा सोपवणार नाही. कित्येकदा ज्याला सगळ्यात जास्त लागलेलं असतं तोच हसून वेळ मारून नेतो, कारण त्याला पिढ्यान्‌पिढ्या तेच करावं लागलंय.

उलटही घडतं. धुळ्याकडची एखादी मावशी नव्या सुनेला पाहून म्हणते, "कितली वाळी गयी व माय तू!" म्हणजे किती वाळलीस गं तू. सून बाहेरगावची. तिला वाटतं, ही माझ्या अंगावरून बोलली. ती रडवेली होते. इथे मी मावशीची बाजू घेईन. त्या बोलण्यात माया आहे, खाऊपिऊ घालायची ओढ आहे आणि आपल्याकडे ते बोलणं कसं बोलतात हे नवऱ्याने सुनेला सांगितलं की गाठ सुटते. वाईट वाटणं खरं होतं, पण त्या बोलण्यात कुणाला कमी लेखलेलं नव्हतं. मावशीनेही पुढच्या वेळी जरा जपून बोलावं, एवढंच. तुमच्या बाबतीत असा खुलासा करून भागणार नाही. तुम्ही जितकं समजावून सांगाल तितका वाक्यामागचा समज वर येईल.

रेक्टरची आठवण तुम्ही स्वतःच्या बचावासाठी लिहिली आहे. पण भाऊ, बी.एड. होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचं ते वाक्य तुम्हाला शब्द न्‌ शब्द पाठ आहे. त्या होस्टेलातलं दुसरं कुणाचं बोलणं असं आठवतं का? मनावर घेतलं नाही म्हणता, पण ते मनातून गेलेलंही नाही. आई-आजी ज्या बोलीत बोलतात तिला कुणीतरी अस्वच्छ म्हणालं आणि तुम्हाला तिच्यातून सोडवून वर घेतलं. तेव्हा तुम्ही हसला असाल. सरही परवा तसेच हसले. आणि तुम्ही मराठीचे शिक्षक आहात म्हणून हेही बोलते: जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यांच्या ओव्या बोलीत आहेत. त्याच खान्देशात आपण शुद्ध बोलण्याचं प्रमाणपत्र देऊन कुणाला मोठं करतोय, हे मला बघवत नाही. पावरी बोलणारा माणूस अनेकदा मराठी, हिंदी आणि बाजारापुरती अहिराणीही बोलतो. सरांच्या भाषेचंच कौतुक करायचं असेल तर ते किती भाषांत वावरतात, याचं करा.

तरी रेक्टरचं बोलणं आणि तुमचं बोलणं एका वजनाचं नाही. अहिराणीला लोक हसतात, पण खान्देशी म्हणून तुमच्या आजोबांची जमीन कुणी घेतली नसेल. तुम्ही ज्या तालुक्यात शिकवता तिथे सावकारांनी, जमीनदारांनी आदिवासींच्या जमिनी गिळल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून 1972 च्या सुमारास आदिवासींचे नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने तिथेच लढा उभारला. तो लढा पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. ही माणसं अडाणी, यांना काय कळतंय, असं म्हणतच त्या जमिनींच्या कागदांवर अंगठे घेतले गेले. तुमच्या डोक्यात त्या दिवशी हे काहीच नव्हतं. पण वाक्य ज्या समजावर उभं होतं तो समज याच मातीतला आहे आणि सरांना तो तुमच्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे. एस.टी.त, भाड्याची खोली बघताना, साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी तो किती वेळा झेलला असेल. सत्काराच्या दिवशी आणि जवळच्या माणसाकडून झेलावा लागेल, असं मात्र त्यांना वाटलं नसणार.

अ‍ॅट्रॉसिटीचं विचारलंत म्हणून थोडक्यात सांगते. अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या 1989 च्या त्या कायद्यात अपमानाचा जो गुन्हा आहे, त्यात लोकांच्या नजरेसमोर, हीन लेखण्याच्या हेतूने, जाणूनबुजून केलेला अपमान अशी भाषा आहे. म्हणजे तिथे हेतू पाहिला जातो. शिक्षा द्यायची तर पाहायलाच हवा. याउलट कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा वर्तन समोरच्या बाईला नकोसं होतं का, हे विचारतो, कारण तिला तिथे रोज कामाला यायचं असतं. कायद्यालाही सगळीकडे एकच माप लावता आलेलं नाही. पण तुमच्या मित्राने ज्या सुरात तुम्हाला सावध केलं, तो सूर तुम्ही मनातून काढून टाका. आठवडा झाला तरी सरांनी कुणाकडे तक्रार केलेली नाही, ते फक्त दूर जाऊन बसलेत. अशा वेळी तुम्हाला स्वतःच्या बचावाची काळजी लागली तर मैत्री राहणार नाही.

आता काय करायचं ते सांगते.

सरांना एकटं गाठा. स्टाफरूममध्ये नको, मुख्याध्यापकांना मध्ये घालून तर मुळीच नको. आणि "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" अशी सुरुवात करू नका. त्यात वाईट वाटून घेतल्याचा दोष पुन्हा त्यांच्याच माथी जातो. "माझ्या मनात तसं नव्हतं" हेही पहिलं वाक्य नको. ते त्यांना माहीत आहे, म्हणून तर जास्त लागलं. साधं बोला: "सर, सत्काराच्या दिवशी मी तुमच्या समाजाला कमी लेखून तुमचं कौतुक केलं. ते चुकलं. समोर आपली पोरं बसली होती, त्यांच्यासमोर तर ते बोलायलाच नको होतं. मला माफ करा." एवढं बोलून थांबा. ते काही बोलले तर ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. नाही बोलले तर निघून या.

वाक्य चारचौघांत गेलंय, तेव्हा दुरुस्तीही चारचौघांत व्हायला हवी असं माझं मत आहे. पण त्यासाठी आधी त्यांना विचारा. परिपाठाच्या वेळी तुम्ही उभे राहून बोललात आणि सगळ्या शाळेच्या नजरा पुन्हा सरांवर वळल्या, हे त्यांना नको असेल. नको म्हणाले तर हट्ट करू नका. तसं असेल तर दुरुस्ती तुमच्या वर्गात करा. त्यासाठी सरांचं नाव घ्यायचीही गरज नाही. निबंधात पोराने पावरी किंवा भिली शब्द लिहिला तर त्याच्यावर लाल रेघ ओढण्याआधी तो शब्द काय आहे ते त्याला विचारा, फळ्यावर लिहा. पोरं हसली तर हसणाऱ्यांना थांबवा. हे वर्षभर करा.

एक मात्र करू नका. भरपाई म्हणून सरांच्या होळीचं, ढोलाचं, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराचं गुणगान सुरू करू नका. "तुमची संस्कृती किती निरागस" वगैरे तर अजिबात नको. त्यातही सर पुन्हा समाजाचा नमुना म्हणूनच उभे राहतील. त्यांना गणिताचं विचारा. त्यांच्या मुलांचं विचारा. यंदा दहावीच्या जादा तासांचं वेळापत्रक कसं लावायचं ते विचारा.

सत्काराचं शूटिंग शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेलं असणारच. तुमचं भाषण त्यात असेल तर ज्याने टाकलं त्याला आजच सांगून काढून घ्या आणि कारण विचारलं तर खरं कारण सांगा. कुणी म्हणेल, "जाऊ द्या हो, एवढं काय त्यात!" तिथे तुम्ही गप्प बसू नका, कारण त्या वेळी सर तिथे उत्तर द्यायला नसतील.

आणि डब्याचं म्हणाल तर त्यांना परत येण्याचा आग्रह करू नका. "अजून राग गेला नाही का?" असं तर कधीच विचारू नका. प्रयोगशाळेत बसायचं असेल तर बसू द्या. जुन्या जागी परत यायचं की नाही आणि यायचं तर केव्हा, हे त्यांनी ठरवायचंय. कदाचित वर्ष जाईल. कदाचित पूर्वीसारखं काही होणारही नाही. तरी माफी मागाच.

तुमची,
ताई